‘जोर’ हा शब्द आधी बाजूला ठेवा: गती, बल आणि पडणाऱ्या वस्तू पहिल्यांदा शिकताना

चेंडू सरळ वर फेकला. तो सगळ्यात उंच जागी पोचला आणि क्षणभर थबकला. त्या क्षणी त्याच्यावर बल किती?

एका शाळकरी मुलीनं मला हे विचारलं तेव्हा मी लगेच ‘शून्य’ असं उत्तर दिलं. चेंडू थांबलाय म्हणजे बल नाही, इतका साधा हिशेब. उत्तर साफ चुकीचं होतं. गतीची तिन्ही समीकरणं मला तेव्हा तोंडपाठ होती, पण पाठांतर आणि मनातली समजूत यांची कधी गाठच पडली नव्हती. त्यानंतर मी हा विषय पहिल्यापासून शिकायला घेतला, वही जवळ ठेवून, वस्तू सोडून, मोजून. जिथे जिथे पाय अडकला त्या जागा पुढे क्रमानं दिल्या आहेत. तुम्ही शाळेत हे पहिल्यांदा शिकत असाल किंवा बऱ्याच वर्षांनी पुन्हा हात घालत असाल, तरी पहिल्या तीन पायऱ्या गाळू नका. बहुतेकांचा घोळ तिथेच होतो आणि पुढच्या प्रत्येक गणितात तो डोकं वर काढतो.

आधी हे जवळ असू द्या

- चौकटींची वही आणि पेन्सिल
- ३० सेंटिमीटरची मोजपट्टी आणि लांब मोजटेप
- सव्वा मीटर न ताणला जाणारा दोरा आणि बांधायला एक लहान, जड वस्तू (लोखंडी नट चालेल)
- एक गोटी आणि मधोमध सरळ खाच असलेली पावणेदोन मीटरची फळी
- पातळ कागदाच्या पसरट, एकसारख्या पाच वाट्या
- स्टॉपवॉच आणि स्लो मोशन चित्रीकरण असलेला फोन

गणित म्हणाल तर गुणाकार-भागाकार, वर्ग आणि वर्गमूळ इतकं पुरे. कलनशास्त्र नंतर कधी शिकलात तर आनंदच आहे, पण सुरुवातीला ते लागत नाही.

एक ताकीद आत्ताच. कुठलाही प्रयोग गच्चीवरून किंवा उंच खिडकीतून करू नका. २० मीटरवरून सुटलेली वस्तू खाली पोचते तेव्हा तिचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास असतो. या लेखातले सगळे प्रयोग खोलीत किंवा मोकळ्या मैदानात होतात.

१. ‘जोर’ या शब्दाचे तीन तुकडे करा

‘गाडी जोरात चाललीय.’ ‘दाराला जोर लाव.’ ‘चेंडूचा जोर संपला.’

तीन वाक्यं, एकच शब्द आणि तीन वेगवेगळ्या गोष्टी. पहिल्या वाक्यातला जोर म्हणजे वेग. दुसऱ्यातला जोर म्हणजे बल. तिसऱ्या वाक्यात आपण चेंडूच्या आत साठवलेली आणि हळूहळू झिरपून जाणारी एखादी गोष्ट कल्पितो. भौतिकशास्त्रात तिच्या सगळ्यात जवळची राशी म्हणजे संवेग, अर्थात वस्तुमान गुणिले वेग. पण संवेग असा आपोआप झिरपत नाही. तो कमी झाला, तर बाहेरून कुणीतरी तो कमी केलेला असतो.

बोलताना तिन्हींना एकच शब्द पुरतो, म्हणून मनातही तिन्ही एकमेकांत मिसळून जातात. त्यातून एक पक्की समजूत तयार होते: वस्तू चालत राहायची तर तिला सतत जोर हवा. ही समजूत फक्त तुमची-माझी नाही. ॲरिस्टॉटलची मांडणी याच धर्तीची होती आणि तिचा प्रभाव जवळजवळ दोन हजार वर्षं टिकला. पुढे मध्ययुगात काही विचारवंतांनी असं मांडलं की फेकणारा हात दगडात एक प्रेरणा भरतो आणि ती प्रेरणा संपत गेली की दगड खाली येतो. आपलं ‘चेंडूचा जोर संपला’ हे वाक्य म्हणजे अगदी हीच मांडणी. तेव्हा ही चूक आपल्याकडून झाली तर त्यात शरमण्यासारखं काही नाही. फक्त ती ओळखता आली पाहिजे.

गॅलिलिओनं वाट मोकळी केली आणि १६८७ साली न्यूटननं ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात गतीचे नियम नीट बांधून दिले. त्याचं सार असं: वेग टिकवायला बल लागत नाही, वेग बदलायला लागतं. जमिनीवर घरंगळणारा चेंडू थांबतो तो आतलं काही संपलं म्हणून नव्हे. जमीन आणि हवा त्याला सतत मागे रेटत असतात, म्हणून तो थांबतो. रेटणारं जितकं कमी, तितका तो लांब जातो. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ हे यान आज सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं सूर्यापासून दूर चाललंय. त्याला मागून ढकलणारं इंजिन नाही. अडवायलाही फारसं काही नाही, म्हणून ते चाललंय.

आठवडाभर एक गोष्ट करून पाहा. तोंडून ‘जोर’, ‘जोरात’, ‘जोरदार’ असं काही निघालं की ते वाक्य वहीत उतरवा आणि पुढे लिहा: वेग, बल की संवेग? तीस-चाळीस वाक्यं झाली की पुस्तकातली व्याख्या वाचताना तुमचं तुम्हालाच जाणवेल की आता शब्द निसटत नाहीत. मला सगळ्यात जास्त उपयोग कुठल्या अभ्यासाचा झाला असं विचाराल, तर याचा.

२. वेग आणि त्वरण यांना वेगळं करा

चाल म्हणजे किती भरभर जाताय. वेग म्हणजे किती भरभर आणि कोणत्या दिशेला. गाडीचा काटा ४० वर स्थिर ठेवून तुम्ही वळण घेतलंत, तर चाल तीच राहिली, वेग मात्र बदलला. आणि वेग बदलला म्हणजे त्वरण आलं.

त्वरण म्हणजे दर सेकंदाला वेगात होणारा बदल. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ मोकळं पडणाऱ्या वस्तूचं त्वरण सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं. हे एकक पहिल्यांदा भेटतं तेव्हा ‘सेकंद वर्ग’ म्हणजे काय ते कळत नाही. ते असं फोडून वाचा: दर सेकंदाला वेग ९.८ मीटर प्रति सेकंदानं बदलतो. म्हणजे एका सेकंदानंतर वेग ९.८, दोन सेकंदांनी १९.६, तिसऱ्या सेकंदाअखेर २९.४.

आता वर फेकलेल्या चेंडूकडे परत या. वर जाताना त्याचा वेग दर सेकंदाला ९.८ नं कमी होतो. माथ्यावर तो शून्य होतो. खाली येताना उलट दिशेनं वाढत जातो. या सगळ्या प्रवासात त्वरण एकच आहे, खालच्या दिशेला ९.८, माथ्यावरसुद्धा. पटत नसेल तर उलट विचार करा. माथ्यावर वेगही शून्य आणि त्वरणही शून्य असतं, तर वेग बदलायला काही कारणच उरलं नसतं आणि चेंडू तिथेच लटकून राहिला असता. तो खाली येतो, यातच सगळं आलं. बल शून्य नाही. चेंडूचं पूर्ण वजन त्या क्षणीही त्याला खाली ओढत असतं.

इथले दोन सापळे.

पहिला चिन्हांचा. वरची दिशा धन धरलीत की शेवटपर्यंत तीच धन. मग त्वरण पूर्ण प्रवासात उणे ९.८ राहतं. चेंडू खाली यायला लागला म्हणून मध्येच चिन्ह बदललंत की उत्तर गेलंच. ‘ऋण त्वरण म्हणजे वेग मंदावणं’ हे वाक्यही डोक्यातून काढून टाका. खाली येणाऱ्या चेंडूचं त्वरण या पद्धतीत ऋणच आहे, आणि तो मंदावत तर अजिबात नाही.

दुसरा सापळा एककांचा. किलोमीटर प्रति तास सरळ सूत्रात घालू नका. ५ नं गुणून १८ नं भागा, मीटर प्रति सेकंद मिळतील. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १०, ताशी ७२ म्हणजे २०. या दोन जोड्या लक्षात राहिल्या की बाकीचा अंदाज आपोआप येतो.

३. एकच वस्तू निवडा आणि तिच्यावरचे बाण काढा

सूत्राकडे जाण्याआधी चित्र. ज्या वस्तूबद्दल प्रश्न आहे ती एकटी कागदावर काढा, नुसता चौकोन किंवा ठिपका चालेल. मग स्वतःला दोन प्रश्न विचारा. तिला काय काय टेकलंय? आणि न टेकता तिला कोण ओढतंय? आपल्या पातळीवर दुसऱ्याचं उत्तर जवळपास नेहमी ‘पृथ्वी’ हेच असतं. प्रत्येक उत्तरासाठी एक बाण.

आता सगळ्यात कामाचा नियम: प्रत्येक बाणाखाली बल कोण लावतंय त्याचं नाव लिहायचं. नाव लिहिता आलं नाही तर बाण पुसून टाकायचा.

हवेत असलेल्या चेंडूवर हा नियम लावून पाहा. बहुतेक जण एक बाण वरच्या दिशेला काढतात, ‘फेकण्याचं बल’. कोण लावतंय? हात? हात तर केव्हाच सुटला. दुसरं कोणी टेकलेलं नाही. म्हणजे बाण पुसा. उरली पृथ्वी, आणि हवेचा थोडासा रोध. पहिल्या पायरीतला ‘जोर’ इथे पुन्हा मागच्या दारानं आत येत होता, तो असा पकडला जातो.

आकड्यांत एक उदाहरण. १० किलोग्रॅमची पेटी तुम्ही ३० न्यूटन (न्यूटन हे बलाचं एकक) बलानं आडवी ढकलताय आणि घर्षण २० न्यूटननं अडवतंय. वरखालचे दोन बाण, पृथ्वीची ओढ आणि जमिनीचा आधार, एकमेकांना तोलून धरतात. आडव्या दिशेला शिल्लक राहिलं १० न्यूटन. शिल्लक बल भागिले वस्तुमान म्हणजे त्वरण, म्हणून ते १० किलोग्रॅमनं भागलं की त्वरण १ मीटर प्रति सेकंद वर्ग. आता समजा पेटी आधीच सरकतेय आणि तुम्ही ढकलणं २० न्यूटनवर आणलंत. शिल्लक शून्य. पेटी थांबेल का? नाही. आहे त्याच वेगानं सरकत राहील. हे वाक्य मनाला खरोखर पटेपर्यंत चौथ्या पायरीकडे जाऊ नका.

आणखी एक. ‘वस्तुमान गुणिले त्वरण’ हा आकृतीतला वेगळा बाण नव्हे. तो सगळ्या बाणांची बेरीज करून आलेला परिणाम आहे. मी तो किती तरी आकृत्यांत जादा काढत असे आणि मग गणित जुळत नसे.

४. न्यूटनचा तिसरा नियम वाक्य उलटवून तपासा

क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात, हे सगळ्यांना येतं. मग शंका येते, दोन्ही समान तर वस्तू हलते कशी? उत्तर सोपं आहे. दोन्ही बलं वेगवेगळ्या वस्तूंवर असतात, त्यामुळे ती एकमेकांना रद्द करूच शकत नाहीत.

जोडी ओळखायची खूण अशी की वाक्यातला कर्ता आणि कर्म अदलाबदल करायचे. ‘पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते’ याची जोडी ‘पुस्तक पृथ्वीला वर ओढतं’. ‘टेबल पुस्तकाला वर ढकलतं’ याची जोडी ‘पुस्तक टेबलाला खाली दाबतं’. पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा आधार ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नाही, कारण दोन्ही एकाच पुस्तकावर आहेत. ती समान असतात कारण पुस्तक स्थिर आहे, आणि हे न्यूटनच्या पहिल्या नियमाचं (शिल्लक बल नसेल तर वेग बदलत नाही) काम. परीक्षेत हा प्रश्न फार वेळा येतो आणि फार वेळा चुकतो.

५. वस्तुमान आणि वजन

ही पायरी लहान आहे. वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वजन न्यूटनमध्ये. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचं पृथ्वीवर वजन सुमारे ५८८ न्यूटन. चंद्रावर गुरुत्वत्वरण, म्हणजे मोकळं पडणाऱ्या वस्तूचं त्वरण, १.६२, म्हणून तिथे वजन ९७ न्यूटनच्या आसपास. वस्तुमान मात्र दोन्हीकडे ६० किलोग्रॅमच. चंद्रावर जड पेटी उचलायला सोपी जाईल, पण आडवी हलवून पटकन वेग द्यायचा म्हटलं तर (घर्षण सोडून) पृथ्वीवर लागतं तितकंच बल लागेल. रोजच्या बोलण्यात ‘वजन ६० किलो’ म्हणत राहा, कुणाचं काही बिघडत नाही. वहीत मात्र नको.

६. पडणाऱ्या वस्तू: आधी हवा विसरा

जड वस्तू आधी पडते, असं मन सांगतं. गॅलिलिओनं या समजुतीला आतूनच सुरुंग लावला. समजा जड दगड भरभर आणि हलका सावकाश पडतो. दोघांना दोरीनं बांधा. हलका दगड जड दगडाला मागे खेचेल, म्हणजे जोडी जड दगडापेक्षा सावकाश पडेल. पण जोडी म्हणजे आणखी जड वस्तू, तेव्हा ती अधिक भरभर पडायला हवी. एकाच गृहीतकातून दोन विरुद्ध उत्तरं निघतात, म्हणजे गृहीतकच चुकलंय. कुठलंही उपकरण न वापरता, निव्वळ विचारानं लावलेला हा शोध मला आजही थक्क करतो.

प्रत्यक्ष प्रयोगही झाले होते. फ्लेमिश गणितज्ञ सायमन स्टेव्हिननं १५८६ साली प्रसिद्ध केलेल्या नोंदीत, एक दुसऱ्याच्या दहापट वजनाचा असे दोन शिशाचे गोळे सुमारे ३० फुटांवरून सोडल्यावर दोन्हींचा आवाज एकदमच आल्याचं म्हटलंय. पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओनं गोळे टाकले ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण ती त्याच्या शिष्यानं पुढे लिहिलेल्या चरित्रातून आली आहे आणि इतिहासकारांना तिच्याबद्दल शंका आहे. तेव्हा उत्तरपत्रिकेत ती पुरावा म्हणून लिहू नका.

कारण आकड्यांत पाहा. २ किलोग्रॅमच्या वस्तूला पृथ्वी १९.६ न्यूटननं ओढते, १० किलोग्रॅमच्या वस्तूला ९८ न्यूटननं. ओढ पाचपट आहे खरी, पण हलवायचं वस्तुमानही पाचपट आहे. १९.६ भागिले २ आणि ९८ भागिले १०, दोन्हीकडे ९.८. जड वस्तूला जास्त ओढ मिळते आणि ती तितकीच जास्त अडूनही बसते. १९७१ साली अपोलो-१५ मोहिमेत अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडी आणि ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं. हवा नसल्यामुळे दोन्ही एकदमच खाली पोचली. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे, जरूर पाहा.

सुटल्यापासून किती अंतर पडतं ते असं:

- १ सेकंदात ४.९ मीटर
- २ सेकंदांत १९.६ मीटर
- ३ सेकंदांत ४४.१ मीटर

दुप्पट वेळेत दुप्पट नव्हे, चौपट. तिप्पट वेळेत नऊपट.

हे स्वतः पाहायचं तर पडणं हळू करावं लागतं. गॅलिलिओनं तेच केलं. उतरत्या खाचेतून गोळा सोडला आणि भांड्यातून बारीक धारेनं पडणारं पाणी तोलून वेळ मोजली. ही निरीक्षणं त्यानं १६३८ च्या ग्रंथात दिली. तुमच्याकडे फोन आहे. ठेका देणारं ॲप मिनिटाला १२० ठोक्यांवर लावा. फळीवर सुरुवातीपासून १०, ४०, ९० आणि १६० सेंटिमीटरवर खुणा करा. फळीचं एक टोक साधारण २० सेंटिमीटर उचला आणि ठोक्याबरोबर गोटी सोडा. ती पुढच्याच ठोक्याला पहिल्या खुणेवर येईपर्यंत उतार थोडा थोडा कमी-जास्त करत राहा. एकदा पहिली खूण जमली की दुसरी, तिसरी, चौथी आपोआप ठोक्यावर येतात. लागोपाठच्या खुणांमधली अंतरं १०, ३०, ५०, ७०, म्हणजे १, ३, ५, ७ च्या प्रमाणात. मला हे जमवायला एक अख्खी दुपार लागली, आणि चारही खुणांवर टिकटिक आणि गोटी एकत्र आली तेव्हा अंगावर काटा आला होता.

आडव्या फेकीबद्दलही इथेच सांगायला हवं. टेबलाच्या कडेवरून एक गोटी नुसती सोडा आणि त्याच क्षणी दुसरी आडवी उडवा. दोन्ही एकदमच जमिनीवर पोचतात, आवाज एकच येतो. आडव्या गतीचा खाली पडण्याशी संबंध नाही. हीच कल्पना पुढे नेली की आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक समजतं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्व संपलेलं नसतं, जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं. स्थानक सतत पडतच असतं, पण आडवा वेग इतका प्रचंड, की खालची जमीन तितकीच वळत जाते. आतली माणसंही सोबत पडत असतात, म्हणून तरंगतात. ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं’ असं कुणी सांगितलं तर तो सापळा आहे.

७. आता हवा परत आणा

कागद आणि पुस्तक शेजारी शेजारी सोडा. कागद मागे राहतो. आता कागद पुस्तकापेक्षा लहान कापून पुस्तकाच्या वर ठेवा आणि पुस्तक आडवं सोडा. दोन्ही एकत्र पडतात, कारण हवा पुस्तक बाजूला सारतंय. कागद सावकाश पडत होता तो हलका म्हणून नव्हे. त्याच्या वजनाच्या मानानं हवेचा रोध फार होता म्हणून.

वेग वाढला की हवेचा रोधही वाढतो. एका वेगाला तो वजनाइतका होतो, शिल्लक बल शून्य होतं आणि पुढे वेग वाढत नाही. याला अंत्य वेग म्हणतात. हात-पाय पसरून पालथं पडणाऱ्या माणसाचा अंत्य वेग सेकंदाला ५५ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी २०० किलोमीटर. पॅराशूट उघडल्यावर तो सेकंदाला ५ मीटरच्या आसपास येतो. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगानं अंगावर येतो. हवा नसती तर एका किलोमीटरवरून सुटलेला तोच थेंब १४० मीटर प्रति सेकंद वेगानं आदळला असता.

सापळा जुनाच आहे: ‘शिल्लक बल शून्य झालं मग थेंब थांबत का नाही?’ तिसऱ्या पायरीतली पेटी आठवा.

कागदी वाट्या इथे कामाला येतात. एक वाटी एका मीटरवरून आणि एकात एक घातलेल्या चार वाट्या दोन मीटरवरून एकाच वेळी सोडा. दोन्ही जवळजवळ एकदम जमिनीला टेकतात. वजन चौपट झालं, आकार तोच राहिला आणि अंत्य वेग दुप्पट झाला. यावरून काय निघतं? अशा वस्तूंवर हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

८. गुरुत्वत्वरण स्वतः मोजा

पहिला विचार येतो तो वस्तू सोडून स्टॉपवॉचनं वेळ मोजण्याचा. तो का फसतो ते आधी पाहा. कुणाला तरी मोजपट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेशी तुमची बोटं उघडी ठेवा आणि पट्टी सुटली की पकडा. १० सेंटिमीटरवर पकडलीत तर ०.१४ सेकंद गेला, १५ वर ०.१७, २० वर ०.२०, २५ वर ०.२३. ही तुमची प्रतिक्रियेची वेळ. दोन मीटरवरून वस्तू पडायला जेमतेम ०.६४ सेकंद लागतो. त्यात बोटांची अशी चूक मिसळली तर उत्तराला काही अर्थ उरत नाही.

म्हणून लंबक. दोऱ्याला नट बांधा. टांगलेल्या बिंदूपासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. थोडासाच बाजूला घेऊन सोडा, उभ्या रेषेपासून दहा अंशांच्या आत. वीस पूर्ण हेलकाव्यांची वेळ घ्या आणि वीसनं भागा. बोटांची चूक आता वीस हेलकाव्यांत वाटली जाते. मग:

गुरुत्वत्वरण = ३९.५ × लांबी ÷ (एका हेलकाव्याच्या वेळेचा वर्ग)

वीस हेलकाव्यांना ४०.२ सेकंद लागले, तर एकाला २.०१ आणि उत्तर ९.७८. दोऱ्याच्या टोकाला लावलेल्या एका नटानं इतकं अचूक उत्तर मिळतं. हे मूल्य जागेनुसार थोडं बदलतंही, विषुववृत्ताजवळ ९.७८ आणि ध्रुवांजवळ ९.८३.

चुका ठरलेल्या असतात. सोडताना ‘एक’ मोजायला सुरुवात केली तर प्रत्यक्षात एकोणीसच हेलकावे होतात, म्हणून ‘शून्य’पासून मोजा. लांबी गाठीपर्यंत नव्हे, नटाच्या मध्यापर्यंत. आणि जाऊन परत आलं की एक हेलकावा, नुसतं जाणं म्हणजे अर्धाच. नट जड घेतलं तरी वेळ बदलत नाही, सहाव्या पायरीतल्याच कारणानं.

९. समीकरणं आता उघडा

- अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × वेळ
- विस्थापन = सुरुवातीचा वेग × वेळ + अर्धं त्वरण × वेळेचा वर्ग
- अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + २ × त्वरण × विस्थापन

अट एकच, पण ती पुस्तकात बारीक अक्षरात असते: त्वरण स्थिर हवं. पिसाला किंवा पॅराशूटला ही समीकरणं लावू नका.

गणित सोडवताना पाच राशी एकाखाली एक लिहा, माहीत असलेल्यांसमोर आकडा आणि चिन्ह घाला. तीन मिळाल्या की बाकीच्या दोन निघतात. ‘विसाव्यातून सोडली’, ‘थांबली’ अशा शब्दांत शून्य लपलेलं असतं, ते शोधा.

एक उदाहरण मी प्रत्येकाला सोडवायला सांगते. कोरड्या रस्त्यावर गाडी ब्रेक लावून ७ मीटर प्रति सेकंद वर्गानं मंदावते असं धरा. ताशी ३६ वेगानं ती थांबायला ७.१ मीटर लागतात. ताशी ७२ ला? १४ मीटर नव्हे, २८.६. शिवाय ब्रेकवर पाय जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर पहिल्या गाडीचे १० आणि दुसरीचे २० मीटर आधीच संपलेले असतात. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं हे गणित एकदा तरी स्वतःच्या हातानं करावं असं मला कळकळीनं वाटतं.

१०. पुन्हा तोच चेंडू, या वेळी फोनसमोर

भिंतीला मोजटेप उभी चिकटवा. फोन समोर पक्का टेकवून सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन लावा. टेपलगत चेंडू सरळ वर फेका. चित्रफितीत चेंडू सगळ्यात वर असलेली फ्रेम शोधा आणि तिथली उंची लिहा. मग २४ फ्रेम पुढे जा, म्हणजे ०.१ सेकंद. चेंडू माथ्यापासून सुमारे ४.९ सेंटिमीटर खाली दिसेल. ४८ फ्रेम पुढे, १९.६ सेंटिमीटर. आता माथ्यापासून उलटे, २४ आणि ४८ फ्रेम मागे जा, चेंडू अजून वर जात असतानाच्या. तिथेही ४.९ आणि १९.६.

आकडे अर्धा-एक सेंटिमीटर इकडेतिकडे आले तर फोन आणि भिंतीमधलं अंतर वाढवून पुन्हा घ्या.